बोट दाखवू नये

कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो,
असं आमच्या परसात सगळे मानायचे.
दाखवायचाच झाला तर बोट दुमडून, पेरानं.
ग्रिम्झबीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात
बावीस वर्षं मी आतल्या पडद्यांचे फोटो काढते.
हनुवटी इथे, कपाळ टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, हलू नका.
भोपळा आठवायचं काही कारण नव्हतं
मंगळवारपर्यंत.

रीस लेगट, वय नऊ.
क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावरच्या टपरीतून
पाच पौंडांचं लेझरचं पेन,
बादल्या, फावडी, गुलाबी साखरकांड्या यांच्यामधे टांगलेलं.
मांजराला पळवून झालं, समोरच्या घराच्या भिंतीवर नाव काढून झालं,
मग उजेड नेमका कुठून येतो ते बघायला
त्यानं ते स्वतःकडे वळवलं.
"दुखलं का रे?"
"नाही."
तेच तर. दुखलं असतं तर मिटला असता डोळा.

स्क्रीनवर नारिंगी गोल, नदीच्या फाट्यांसारख्या शिरा,
आणि बरोबर मधोमध, जिथे अक्षरं उतरतात,
एक पिवळा डाग.
चहाचा थेंब पडावा तसा. पुसता न येणारा.
त्यानं माझ्याकडे नीट बघितलं
आणि म्हणाला, "तुला नाकच नाहीये."
त्याची आई हसायला गेली
आणि मधेच थांबली.

गुरुवारी पायलट आला, हवाई रुग्णवाहिकेचा.
मागे स्ट्रेचरवर छाती धरलेला माणूस,
खाली धक्क्यावर कुणी हौशी.
"तीन सेकंद," तो म्हणाला,
"पुढची काच म्हणजे शेवाळलेलं तळं. मी तळ्यातून उडत होतो."
त्याचे फोटो स्वच्छ आले. मी तसं लिहून दिलं.
भीती माझ्या कॅमेऱ्यात येत नाही.
हात तेवढे त्याच्या गुडघ्यांवर
जागा शोधत होते.

घरी अच्युत. त्याच्याकडेही एक आहे,
दर अमावास्येला वोल्ड्सच्या टेकडीवर नेतो.
हिरवी काठी थेट आभाळाला टेकते,
आणि माना वर केलेले पंधरा-वीस लोक
एकाच वेळी "हो, हो, दिसली!" म्हणतात:
शर्मिष्ठेचा वाकडा एम, मग खाली देवयानी.
एक्याऐंशीच्या मिसेस ब्लँचर्ड
तिथेच रडल्या होत्या, गेल्या नोव्हेंबरात.
बोटानं हे जमत नाही. माझं बोट तुझ्या डोळ्यातून
दुसऱ्याच ताऱ्यावर पडतं.

लायब्ररीबाहेर मिसेस थर्लबी सह्या गोळा करतात:
टपरीवर विक्री नको, परवान्याशिवाय नको.
मी कोरा कागद घरी आणला. वाद झाला.
"उद्या सुऱ्यांनाही परवाना मागतील," अच्युत म्हणाला.
मी कांदा चिरत होते.
"सुरीचं पातं कुठे संपतं ते दिसतं," मी म्हटलं,
"याचं कुठे संपतं?"
तो काही बोलला नाही. आमटीला फोडणी बसली,
खिडकीबाहेर सीगल नेहमीसारखे भांडत राहिले.

सकाळी फ्रिजवर तो कागद, चुंबकाखाली.
पहिली सही त्याची, बारीक अक्षरात,
आणि समासात तिरकं: टेकडी वगळून.
मी ते खोडलं नाही.
खाली माझी सही केली, अटीशिवाय.
एका कागदावर आम्ही दोघं असे
एकमेकांना न पटता बसलो आहोत.
काठी ड्रॉवरमध्ये आहे, सेल काढलेली,
पण सेल तिच्याच शेजारी.

सहा महिन्यांनी रीस परत आला. उंच झाला होता.
डाग तिथेच. थोडा फिका, मी म्हटलं,
पण ते आईसाठी.
हनुवटी टेकवायच्या आधी
तो माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत राहिला,
भिंतीकडे, अग्निशामक नळकांड्याकडे,
आणि खूश होऊन म्हणाला,
"असं बाजूला बघितलं की दिसतं तुझं नाक."

टेकडीवर अच्युत लोकांना हेच सांगतो,
काठी विझवून, हळू आवाजात, अगदी शेवटी:
देवयानी अंधुक आहे,
तिच्याकडे सरळ बघू नका.